मोकळ्या कपाळाने गिरीजला

वसई स्टेशनपासून गिरीज इतकं जवळ आहे की तिथे जाण्याला प्रवास म्हणायला माझी मुलगी सायली तयार नाही. "आई, रिक्षाने जाऊन येण्यासारखं गाव. त्यावर काय लिहिणार?" असं तिचं म्हणणं. पण माणिकपूरच्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन आम्हाला पंधरा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी पूर्वेला सातिवली आणि पश्चिमेला बाजार यापलीकडे गेले नव्हते. सातिवलीला माझे यजमान एका कारखान्यात फिटर होते. ते गेल्यावर तिथल्याच दुसऱ्या एका गाळ्यात मी पॅकिंगचं काम धरलं. परदेशी जाणाऱ्या नाताळच्या चांदण्या आम्ही बायका खोक्यांत भरतो. त्यामुळे माझ्यापुरता हा प्रवासच होता, आणि त्याला कारणही होतं.

सायलीचं लग्न वैशाखात ठरलं आहे. गावाहून थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. "हळदीचा पहिला हात मी लावते, कन्यादानाला आम्ही दोघं बसतो. तुम्ही कशाची काळजी करू नका." त्या प्रेमानेच बोलत होत्या. मी "बघू" म्हणून फोन ठेवला. माझ्याच मुलीच्या हळदीला मी कुठे असणार, हे त्या "बघू"वर अडून राहिलं.

त्याच आठवड्यात मोनीबायचं बोलावणं आलं. मोनीबाय गिरीजची. स्वतःच्या वाडीतली भाजी आणि केळी घेऊन ती रोज माणिकपूरच्या नाक्यावर बसते. माझे यजमान कामावरून येताना तिच्याकडूनच भाजी घ्यायचे, म्हणून ती त्यांना भाऊ म्हणायची आणि मला वहिनी म्हणते. तिचा नवराही गेला आहे, माझ्या यजमानांच्या आधी. तिच्या मुलीचं, लिनाचं, लग्न जानेवारीत होतं. "आदल्या दिवशीच या, राहायला या," असं तिने बजावलं.

सायली बी.ए. झाल्यावर तिची पुस्तकं रद्दीत चालली होती. त्यातलं समाजशास्त्राचं मी काढून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत थोडंथोडं वाचून संपवलं. कुटुंब, धर्म, वांशिकता, विषमता असे धडे आहेत. समजायला कठीण नाहीत, आपल्याच घरातल्या गोष्टींना नावं दिलेली आहेत. त्यावरून मी एक हिशेब मांडला. मोनीबाय ख्रिस्ती. धर्म वेगळा म्हणजे रीत वेगळी. तिथे विधवा आई मुलीच्या लग्नात कुठे उभी राहते, ते एकदा डोळ्यांनी बघून यावं आणि मग जाऊबाईंना उत्तर द्यावं.

तुम्ही जाणार असाल तर स्टेशनच्या पश्चिमेहून एस.टी. मिळते, पण तिची वाट बघण्यापेक्षा शेअर रिक्षा बरी. सगळ्या सीटा भरल्याशिवाय रिक्षावाला हलत नाही, तेवढा धीर ठेवावा. हिवाळ्यात जा. बिल्डिंगा संपल्या की रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंनी केळी आणि नारळ अंगावर येतात, आणि हवा एकदम ओली, थंड लागते. मध्येच एखादं बावखल दिसतं, म्हणजे वाडीला पाणी देण्यासाठी पूर्वी खणलेलं तळं. काहींवर कमळं आहेत, काहींत भराव टाकायला सुरुवात झाली आहे. बिल्डिंगा इथवर पोचायला आता फार दिवस लागणार नाहीत, आणि हे मी बिल्डिंगमध्येच राहून लिहिते आहे, याची मला जाणीव आहे.

मोनीबायचं घर म्हणजे एक अंगण आणि त्याभोवती तीन चुली. पुस्तकात कुटुंबाचे दोन प्रकार दिले आहेत, संयुक्त आणि विभक्त. हे कुठल्यात घालायचं ते मला कळेना. स्वयंपाक वेगळा, पण विहीर एक, आणि भांडायला अंगणही एकच. वर सगळ्यांची मिळून एक म्हातारी सासू. तिला सगळे माय म्हणतात. लाल लुगडं, कानात जड सोनं, पाठीत वाकलेली. तिचं माहेर खाडीकडच्या मिठागराच्या गावातलं, त्यामुळे तिच्या बोलण्यात पाणी अजून पानी आहे.

मोनीबायचा धाकटा दीर अँटोन लग्नासाठी कुवेतहून आला होता. त्याने मला वाडी दाखवली. तिकडे त्याला कोणी नावाने हाक मारत नाही, "इंडिया, इकडे ये" म्हणतात, हे त्याने हसत सांगितलं, पण हसू पुरतं उमटलं नाही. तेवढ्यात केळीच्या आळ्यात पाणी सोडणाऱ्या आदिवासी बाईला त्याने "ए बाई, तिकडचं बघ" म्हणून हाक दिली. मी तिला नाव विचारलं. तिने जमनी असं सांगितलं आणि लगेच माझं विचारलं. विषमतेच्या धड्यात श्रीमंत देश आणि गरीब देश यांचा नकाशा आहे. तो नकाशा मला त्या वाडीत, दोन केळींच्या मध्ये उभा दिसला.

पडवीत त्याने कुवेतहून आणलेली चांदणी टांगली होती. तिची दोरी मी उलटून पाहिली. गाठ आमच्या गाळ्यात मारतात तशीच होती. आमचीच असेल असं नाही. असलीच तर माझ्यापेक्षा जास्त फिरून आली म्हणायची.

ऊन उतरल्यावर बँडवाले आले. त्या घरची रीत अशी की लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पाच बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, कळशा भरून आणतात आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. पुढाकार मोनीबायच्या थोरल्या जावेचा, आग्नेसबायचा. चार बायका जमल्या, पाचवी पाय मुरगळून बसली होती. आग्नेसबायने अंगणात नजर फिरवली आणि एक कळशी सरळ माझ्या हातात दिली. "बाय, तुम्ही चला."

मला काय वाटलं, ते खरं सांगते. वाटलं, बघा, इथे चालतं. मी कळशी कमरेवर घेतली आणि निघाले. पुढे बँड, मागे पोरं. पताका लावून विहिरीचा काठ सजवला होता. पाणी इतकं वर की वाकून हात लागेल. भरलेली कळशी घेऊन चालताना लुगड्यातल्या एका बाईने मला टोमणा मारला, "बिल्डिंगवाल्यांना नळाची सवय, सांडू नका." मी एक थेंब सांडू दिला नाही. मोनीबाय कुठे दिसली नाही, तेव्हा ती स्वयंपाकात असेल असं मी धरून चालले.

अंगणात कळशा ओळीने ठेवल्या. बँडवाले चहाला बसले. आग्नेसबायने घाम पुसत सहज विचारलं, "मालक नाही आले? कुठे कामाला असतात?"

मी म्हटलं, "ते नाहीत. वारले. दोन वर्षं झाली."

बायका एकमेकींकडे, मग माझ्या कळशीकडे पाहू लागल्या. आणि मला सगळं एकदम उलगडलं. त्या घरात कुठल्याच बाईच्या कपाळावर कुंकू नव्हतं. माझं मोकळं कपाळ, जे आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात सगळ्यांना आधी दिसतं, ते इथे कोणाला दिसलंच नव्हतं. चालत होतं म्हणून मला नेलं नव्हतं, कळलं नव्हतं म्हणून नेलं होतं.

मी दाराकडे पाहिलं. मोनीबाय आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून होती. पहिल्यापासून तिथेच होती.

आग्नेसबाय तिच्यावर उखडली. "मोनी, सांगितलं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस," मोनीबाय म्हणाली.

मग हलक्या आवाजात चर्चा सुरू झाली. पाणी ओतून टाकायचं, दुसरी बाई घ्यायची, परत विहिरीवर जायचं. कोणी माझ्याशी उद्धट बोललं नाही, उलट एकीने बसायला खुर्ची आणून दिली, आणि ती खुर्ची मला जास्त लागली. हे मला ओळखीचं होतं. जाऊबाईंच्या फोनमध्येही असाच मऊपणा होता.

माय भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "पानी ओतून टाकू, तर पावनीचा मान जातो. आणि पानी राखू, तर मोनीला आत कशाला बसवली?"

आग्नेसबाय म्हणाली, "माय, रीत आहे."

"रीत माझ्या सासूने मला दिली. मी पन रांडवच. मी तुला दिली का ती? तूच उचलून घेतलीस." मायने हात पुढे केला. "मोनी, उठ. तुझी पोरगी आहे, तू घाल."

मोनीबाय लगेच उठली नाही. बँडवाल्यांचा चहा संपला, त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने वाजवायचं का म्हणून खूण केली, आग्नेसबायने तोंड फिरवून मान हलवली. तेव्हा कुठे ती उठली. पहिली कळशी तिने माझीच उचलली. पाणी लिनाच्या डोक्यावर पडलं आणि ती ओरडली, "ममी, थंड आहे गं!" सगळ्या बायका हसल्या, आग्नेसबायसुद्धा.

जेवायला सांदणं आणि कोंबडीचा रस्सा होता. सांदणं म्हणजे तांदळाची वाफवलेली, जाळीदार वडी. इथे जाल तर कोणाच्या तरी घरी खाऊन या, हॉटेलात तशी मिळायची नाही. जेवताना मी मोनीबायला विचारलं, आत बसायला तुला कोणी सांगितलं होतं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "मीच म्हटलं होतं. उद्या पोरीच्या संसारात काही वाकडं झालं, तर माझ्या हातामुळे झालं असं मलाच वाटत राहिलं असतं, वहिनी."

मी घास हातात धरून बसले. जाऊबाईंचा फोन आला तेव्हा मला वाईट वाटलं होतं हे खरं, पण त्याखाली थोडं सुटल्यासारखंही वाटलं होतं. काही झालं तर हात माझा नसेल. हे मी तोवर स्वतःशीही बोलले नव्हते. मोनीबायने ते माझ्या ताटात वाढलं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मराठीत मिस्सा, म्हणजे लग्नाची उपासना, झाली. मला उठबस कळत नव्हती, मोनीबाय कोपराने ढोसून सांगत होती. लिनाच्या गळ्यात काळी पोत होती, घरी दारावर तोरण होतं. पुस्तकात धर्म एका धड्यात आहे आणि वांशिकता दुसऱ्या. गिरीजला ते दोन्ही एकाच अंगणात, एकाच विहिरीचं पाणी पितात. धर्म बदलून शेकडो वर्षं झाली, आणि उंबऱ्यावर बसलेली विधवा तिथेच बसून राहिली. सगळ्या घरांत असं असेल असं मी म्हणत नाही, मी एक घर पाहिलं. माझा हिशेब मात्र चुकला. ज्याला मी धर्म समजत होते ती भीती होती, आणि ती आम्हा दोघींकडे सारखीच होती.

परतताना वाडीतली सुकेळी घेतली. पिकलेली केळी उन्हात सुकवून करतात, काळपट दिसतात, दिसण्यावर जाऊ नका. रिक्षा भरायला वेळ लागला. माणिकपूरला उतरले तेव्हा बाजार लागला होता, आणि मोनीबायची नाक्यावरची जागा त्या दिवसापुरती रिकामी होती. तिथे उभं राहून मला यजमानांची फार आठवण आली. ती रोजच येते, पण त्या दिवशी तिच्यात रडू नव्हतं. ते असते तर त्यांनी सगळ्यात आधी विचारलं असतं, पाणी सांडलं नाहीस ना?

घरी आल्यावर हातपाय धुतले आणि जाऊबाईंना फोन लावला. म्हटलं, "हळदीचा पहिला हात माझा. दुसरा तुमचा. कन्यादानाला तुम्ही दोघं बसा, पण मी शेजारी बसणार, आत नाही."

मग त्यांनी विचारलं, "गावच्या बायका बोलल्या तर?"

"ज्या बोलतील त्यांच्या हातात कळशी देईन," मी म्हटलं.

जाऊबाईंना त्यातलं काही कळलं नाही. पण त्या म्हणाल्या, "बरं. मग हळकुंडं मी इकडूनच आणते. तुमच्याकडची बाजारची नकोत."

सायली दारात उभी राहून ऐकत होती. तिने सुकेळ्याचा पुडा उघडला, एक तोंडात टाकलं आणि म्हणाली, "लिही मग. प्रवासच झाला हा."