मोघेकाकांच्या फार्मवर पाणी मुरतंय

मोघेकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत त्यांचीच नक्कल करत होतो. मान तिरकी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, "अहो, ही वादी म्हणजे कोरडी नदी नव्हे, झोपलेली नदी हो..." सगळे हसत होते. काकू डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरून बोलत होत्या. "अरे, हे गेले रे." मला तोंड सरळ करायलाही वेळ लागला.

काका इथे आखातात, आमच्या सरकारी पाणी खात्यात इंजिनीअर, मी तालुक्याच्या शाळेतून आलेला ड्राफ्ट्समन. डोंगराच्या पायथ्याशी सरकारने उंटांचा एक मोठा फार्म विकत घेतला होता. खालच्या गावांच्या विहिरींचं पाणी तिथूनच जमिनीत उतरायचं, ते घाण होऊ नये म्हणून. जागेचं कायमचं काय करायचं ते ठरेपर्यंत कुंपण, वॉचमन आणि उंटांनी तुडवून दगड केलेली जमीन मोकळी करणं, एवढ्यासाठी दरवर्षी सरकारी पैसा यायचा. हे सगळं काका बघायचे. स्वतःला 'काळजीवाहू सरकार' म्हणायचे. मी सॅल्यूट ठोकायचो.

मग २००८ची मंदी आली. मरीनातल्या क्रेन थांबल्या, कायमचा प्लॅन करणारे कन्सल्टंट गायब झाले, आणि मोठे साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "हबीबी, जमीन ले लिया ना? खलास. खाली जगह पे खर्चा क्यों?" वॉचमन हलले असते तर आठवड्याभरात सांडपाण्याचे टँकर तिथे रिकामे व्हायला लागले असते. काकांचं जेवण सुटलं. शेवटी मला घेऊन ते फायनान्सच्या पिंटो मॅडमकडे गेले. मॅडम वसईच्या, त्यामुळे काका मराठीत सुटले.

"मॅडम, त्या फार्मवर पाणी मुरतंय हो!"

मॅडमनी उठून दार लावलं. आवाज खाली. "कोण मुरवतंय?"

"आम्हीच! वर्षभर!"

"आणि हे तुम्ही मला स्वतः सांगताय?"

"सांगायला नको? साहेबांनाही दाखवलं. त्यांना दिसतच नाही."

मी बुटाची लेस बांधायला खाली वाकलो तो वर आलोच नाही...

मॅडम ऑडिटवाल्यांना घेऊन फार्मवर धडकल्या. नेमका डोंगरात पाऊस झाला होता. वादीतून गढूळ पाणी आलं. तुडवलेल्या जमिनीवरून ते घसरून पळालं, आणि काकांनी मोकळ्या केलेल्या तुकड्यावर आलं तसं थांबलं, बुडबुडे आले, आत गेलं. मॅडमनी वाकून ओली माती चाचपली.

"खालच्या गावात हेच पितात?"

"हेच."

"मुरतंय खरं, मोघे," त्या म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत.

पैसा चालू राहिला. पण एका वेळी एकाच वर्षाचा. दर वर्षी काका मॅडमच्या केबिनबाहेर जाऊन बसायचे, कायमचा प्लॅन काही यायचा नाही. हॉस्पिटलमध्येसुद्धा त्यांनी मला हेच विचारलं, "यंदाचं सँक्शन?"

"येईल काका, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको. जाऊन बस."

मी जाऊन बसलो. सँक्शन आलं तेव्हा काका नव्हते.

गेल्या आठवड्यात फार्मवर गेलो. वॉचमन गुलखानला म्हटलं, और एक साल पक्का. तो माझ्या पाठीमागे गाडीकडे बघत होता. "मोघे साब?" मी सांगितलं. त्याने फाटकाची किल्ली माझ्या हातात दिली. त्या फाटकाची बिजागरी खचली आहे, नुसतं ढकलून ते लागत नाही. काका गुडघ्याने खालून उचलून लावायचे. मी कधी लावलं नव्हतं, पण गुडघा आपोआप पुढे गेला. कडी बसली.

"हां," गुलखान म्हणाला, "ऐसे ही."