कडी वाजवणारे साडू

आमच्या थोरल्या साडूंइतका कडी वाजवून आत जाणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये नसेल. रहाटणीच्या स्वतःच्या घरात ते फ्रिज उघडण्याआधीही खाकरतात, मग बाकीचं काय सांगू. चाकणच्या आमच्या कंपनीत ते सर्व्हर सांभाळायचे. कुणी फाईल उघडी टाकून जेवायला गेला की तिला कुलूप लागायचं आणि बाकीच्यांचं काम अडायचं. साडूंना ती जागेवरूनच सोडवता यायची. पण ते मशिनींचं अख्खं शॉप ओलांडून कँटीनला जायचे, त्या माणसाचा शेवटचा घास होईपर्यंत शेजारी उभे राहायचे आणि म्हणायचे, "भाऊ, तेवढी फाईल मिटता का? आत तुमचं काही राहिलं असंल, कुलूप तोडायला नको."

मी तिथंच ड्रॉइंग काढायचो, कंत्राटावर. पर्मनंट व्हायच्या ऐन तोंडावर माझी तीन दिवसांची दुरुस्ती ड्रॉइंगमधून गायब झाली आणि जुन्याच मापाने डाय, म्हणजे साचा, बनली. साहेब म्हणाले, "तू ती केलीच नव्हतीस." मी साडूंना गाठलं.

साडूंनी मला आणि शेजारच्या टेबलवरच्याला तीच फाईल एकदम उघडायला लावली. दोघांनाही उघडली. दोघांचीही सेव्ह झाली, आणि उरली त्याची. दोन दिवस ते पुन्हापुन्हा तेच करून बघत होते, जेवायचंही भान नव्हतं. शेवटी म्हणाले, "गंमत हाय पाव्हणं. तुमचं सॉफ्टवेअर कुलूप लावतंय. ह्यांचं जुनं, ते कुलूप हाय का विचारतच न्हाई. आन् आपला सर्व्हर विचारल्याबिगर सांगत न्हाई." मग त्यांनी ड्रॉइंगच्या फोल्डरपुरतं सेटिंग बदललं: कुणी विचारो न विचारो, दर वेळी सर्व्हरनेच कुलूप तपासायचं. फायली जरा सावकाश उघडू लागल्या आणि सगळे करवादले. साडू साहेबांच्या केबिनचं दार वाजवून आत गेले. "पोराची चूक न्हाई साहेब. सेटिंग माझं हुतं."

मी पर्मनंट झालो. सर्व्हर बाहेरच्या एजन्सीकडे गेला आणि साडू स्टोअरमध्ये. "दादा, माझ्यापायी झालं हे," मी म्हणालो. "छ्या. ते कसं घडलं ते कळलं की मला," एवढंच बोलले. मला मात्र अजून रुखरुख आहे.

आता फाईल अडकली की एजन्सीवाले कुठूनतरी बसल्या जागी कुलूप तोडतात. मला लागणारी स्टॉकची फाईल तेवढी रोज चहाच्या वेळी साडूंच्या नावावर उघडी असते. जन्मभर लोकांना फायली मिटायला लावत फिरलेला माणूस स्वतःची कशी विसरेल? मी एजन्सीला फोन करत नाही. उठतो, शॉप ओलांडून स्टोअरला जातो, दार वाजवतो. आत दोन कप चहा भरून ठेवलेला असतो.