हळदच आहे तर उचला

१८ मार्च १९४३, गुरुवार, वडूज. डॉक्टर सकाळीच खटावला रोगी बघायला गेले. मोलकरीण आली नाही. समोर आकाराम शिंप्याचं मशीन आज सुरू झालं. सोमवारपासून बंद होतं. मंगळवारी पहाटे साताऱ्याहून पोलिसांची लॉरी आली होती आणि मळ्यातून दोन भूमिगत पोरांना घेऊन गेली.

माझे यजमान, डॉक्टर, वारल्यावर मी सांगलीला विश्रामबागेत राहायला आले. आता रोजनिशीची ती वही उघडते तेव्हा दिसतं, ही वाक्यं मी नुसती एकापुढे एक लिहिली होती. गावाने ती जोडली आणि आकारामला खबऱ्या ठरवलं.

आकाराम देवाची टिंगल करण्यात पटाईत. जत्रेचं निशाण शिवताना म्हणायचा, "देवाचं शिवणं बरं. माप द्यायला येत न्हाई, आन् बिघडलं तर वरडतबी न्हाई."

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या मदर सांगत, देव मानून ठेवावा. नसला तर आपलं काही जात नाही, असला तर पंचाईत नको. मी हे त्याला एकदा सांगितलं. तो दातात दोरा धरूनच हसला. "बाईसाहेब, एवढी लबाडी ज्याला कळत न्हाई, त्यो कसला द्येव?"

त्या गुरुवारी दुपारी त्याची बायको साळूबाई धापा टाकत आली. "आवं बाईसाहेब, चला. ह्यास्नी खंडोबाच्या देवळात बसवून घेतलंय."

देऊळ गावाबाहेर होतं. पायरीवर लालासाहेब होता. भूमिगतांचं गावातलं काम तो बघायचा. खबऱ्याचे तळपाय कसे फोडून काढतात, हे कोणाला सांगायला नको होतं.

"साताऱ्याला कशाला गेलतास रं?"

"मशीनचं रीळ आणाय."

"दाव रीळ."

आकारामजवळ रीळ नव्हतं.

"मग भंडारा उचल. खबर दिली न्हाई म्हण." भंडारा हातात घेऊन खोटं बोललं तर खंडोबा घर बुडवतो, असं तिथे सगळेच मानायचे.

आकाराम हलेना. साळूबाई रडकुंडीला आली. "हळदच हाय म्हणता न्हवं रोज? मग हळद उचला की!"

त्याने हात पुढे केला, तशी लालासाहेबाने भंडाऱ्याची थाळी मागे ओढली. "थांब गड्या. तुज्या उचलण्याला काय किंमत? वैनी, ह्याच्यासाठी तुमी उचला."

साळूबाईचा हात थाळीपर्यंत गेला आणि थांबला. मी पाहिलं. आकारामनेही पाहिलं.

"आवं, कुठं गेलता?" ती हळूच म्हणाली. तिलाही ठाऊक नव्हतं.

"औंधाला," तो खाली बघत म्हणाला. "यमाईला. कृष्णाताचं चार म्हयनं पत्र न्हाई." कृष्णात त्याचा धाकटा भाऊ, आफ्रिकेत पलटणीत होता. "नारळ वाहिला. नवस बोललो."

आधी गुरव हसला, मग सगळेच.

"आरं, मग सांगायचं न्हाई व्हय?" लालासाहेबाने विचारलं.

"त्यापरास मार बरा वाटला," आकाराम म्हणाला.

साळूबाईने भंडारा उचलला. आता हात थांबला नाही. "जावा घरला," लालासाहेब म्हणाला.

मी हसले नाही. देवळात बसलेल्या माणसांना कोणतं उत्तर सगळ्यांत गोड लागेल, हे जन्मभर त्यांची टिंगल करणाऱ्याला बरोबर ठाऊक असणार. तो नारळ कोणी पाहिला होता? मे महिन्यात कृष्णातचं पत्र आलं, तेव्हा आकाराम साळूबाईला घेऊन वाजतगाजत औंधला गेला. ते नवस फेडणं होतं की गावाला दाखवणं? खबर कोणी दिली ते कधीच कळलं नाही. त्याने मात्र पुन्हा देवाचं नाव वाकडं घेतलं नाही. का, ते मी विचारलं नाही. त्याने खरं सांगितलं असतं याची खात्री नव्हती.

वही पोलिसांच्या हाती लागेल म्हणून देवळातलं मी त्या दिवशी काही लिहिलं नाही. संध्याकाळची ओळ एवढीच आहे: रॉकेल अर्धी बाटली उरलं.