एका माणसाचं एक खातं

उज्ज्वलाच्या घरात तिच्या नावावर काय आहे, असं कुणी विचारलं असतं तर तिला आठवायलाच वेळ लागला असता. खोल्या नवऱ्याच्या, गजेंद्रच्या नावावर. गॅस सासऱ्यांच्या नावावर, आणि सासरे जाऊन वर्षं उलटली तरी तो तसाच. तिच्या मोबाईलचं सिमसुद्धा दिराच्या, लखनच्या नावावर, कारण त्या दिवशी दुकानात तो गेला होता. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या त्या गल्लीत बहुतेक घरांत हीच रीत. शिरपूर-अमळनेरकडून कापड रंगवायच्या, डाइंगच्या मिलमध्ये कामाला आलेली माणसं. जो कागद घेऊन रांगेत उभा राहिला, त्याचं नाव लागलं. बायकांना त्यात वावगं वाटत नसे. उज्ज्वलालाही वाटलं नव्हतं.

ती पंचिंगचं काम करायची. साडीवरची वेलबुट्टी कॉम्प्युटरवर टाक्याटाक्याने मांडून द्यायची, म्हणजे भरतकामाचं मशीन ती तशीच्या तशी भरतं. पुढच्या खोलीत एक जुनं मशीन होतं, त्यावर ती नमुना काढून बघायची. या कामाचं विकतचं सॉफ्टवेअर घेणं घराच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून ती 'सुईदोरा' वापरायला लागली. ते कुणाच्या मालकीचं नव्हतं. ठिकठिकाणची माणसं फावल्या वेळात ते लिहीत, आणि ज्याला येतं त्याने ते आतून उघडावं, दुरुस्त करावं, परत पाठवावं अशी मुभा होती.

उज्ज्वलाला थोडंफार येत होतं. लग्नाआधी तिने शिरपूरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. तो पदवीच्या दाखल्यांसोबत ट्रंकेत पडला होता, पण डोक्यातून गेला नव्हता. जॉर्जेटवर दाट बुट्टी भरली की कापड आक्रसतं, चुण्या पडतात. 'सुईदोरा'त त्यावर उपाय नव्हता. तिने खालचा आधाराचा टाका कापडाच्या ताणाप्रमाणे आपोआप बदलेल असं काहीतरी लिहून काढलं. डाळीला फोडणी देता देता, मध्येच उठून, हात पदराला पुसत. चुण्या थांबल्या.

ते पाठवायचं तर खातं हवं होतं, आणि खात्यासाठी नंबर. नंबर लखनच्या नावाचा. लखन तेव्हा कॉलेजात होता. त्याने पटापट भरून टाकलं. "वहिनी, झालं बघा. माझ्या नावाने उघडलंय, चालेल ना?"

"चालेल की. त्यात काय?"

उज्ज्वला लग्न होऊन आली तेव्हा लखन आठवीत होता. त्याच्या शर्टाची बटणं तिने लावली होती, परीक्षेच्या सकाळी दहीसाखर तिने दिली होती. त्याचं नाव आणि आपलं नाव यात फट असते हे तिच्या मनातही आलं नाही.

मग 'सुईदोरा'वरचे सगळे तिला लखनभाई म्हणू लागले. लखनभाई, हे बघाल का. लखनभाई, जाळीच्या कापडावर चालेल का. ती उत्तरं लिहायची. "मी बघतो", "मी सांगतो" असं लिहिताना सुरुवातीला तिला हसू यायचं. नंतर सवय झाली.

नवीन मुलं कसेही बदल पाठवू लागली तेव्हा काम पाठवणाऱ्यांसाठी नियम लिहायचं ठरलं, आणि ते लखनभाईंनी मराठीत लिहावेत असं 'सुईदोरा'च्या प्रमुख शैलजाताईंनी सुचवलं. शैलजाताई नाशिकच्या, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. उज्ज्वलाने नव्या सुनेला स्वयंपाकघर दाखवावं तसे ते नियम लिहिले. एका वेळी एकच बदल पाठवा, चार कामं एका ताटात कालवू नका. आपला पसारा आपण आवरून जा. दुसऱ्याचं काम तपासताना कामाला नावं ठेवा, माणसाला नको. मंजुरी देण्याआधी कापडावर चालवून बघा, नुसतं पडद्यावर बघून हो म्हणू नका. आणि शेवटी, एका माणसाचं एक खातं. दुसऱ्याचं काम आपल्या नावाने पाठवू नका, आपलं काम दुसऱ्याच्या नावाने पाठवू नका.

हा शेवटचा नियम लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर बाजारात एकमेकांच्या डिझाइन चोरणारी माणसं होती. आपलं घर नव्हतं.

नियमांचं कौतुक झालं. पुढे व्हिडिओवर बैठका सुरू झाल्या, तेव्हा पंचाईत आली. लखन केस विंचरून कॅमेऱ्यासमोर बसायचा आणि उज्ज्वला पलंगाच्या कडेला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. कुणी प्रश्न विचारला की लखन म्हणायचा, "एक मिनिट हं, आवाज तुटतोय." तेवढ्यात उज्ज्वला अहिराणीत हळूच सांगायची, म्हणजे चुकून कुणाच्या कानावर गेलं तरी कळू नये. लखनची बायको, धाकटी जाऊ मयुरी दाराशी उभी राहून तोंडावर ओढणी धरून हसायची. सासूबाई, मंगलाबाई, स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "काय चालनं शे वं तुमनं? नाटक शे का काय?"

नाटकच होतं. पण उज्ज्वलाला वाटायचं, आपण सगळे मिळून करतोय.

त्या सोमवारी गजेंद्रचा डबा भरून ती कॉम्प्युटरशी बसली. 'सुईदोरा'वर अभिनंदनाचा पाऊस पडला होता. एका संस्थेने पूर्णवेळ मेंटेनर, म्हणजे सगळी देखभाल बघणारा पगारी माणूस, नेमायला मदत दिली होती. अर्ज मागवले होते, मुलाखत झाली होती, आणि लखनभाईंची निवड झाली होती. तिने दोनदा वाचलं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'तुमच्या जॉर्जेटच्या टाक्याने आमचं दुकान वाचवलं.' तिने आभार लिहायला घेतले, तर खात्याने पासवर्ड मागितला. नेहमीचा चालेना. खात्याला जोडलेला नंबरही बदलला होता, म्हणजे ओटीपी आता लखनच्या फोनवर जाणार.

लखन बाहेर चपला घालत होता.

"लखन, पासवर्ड बदललास?"

"हो वहिनी, ते सांगायचंच होतं. आता नोकरीचं खातं झालं ना ते. नियमात बसत नाही दोघांनी वापरणं." तो थांबला. "तुम्हीच तर लिहिलाय नियम."

तो चेष्टेने म्हणाला असावा. पण हसला नाही.

"अर्ज कधी केलास?"

"झाले की थोडे दिवस. दादाला सांगितलं होतं."

उज्ज्वलाने वळून नवऱ्याकडे बघितलं. गजेंद्र डब्याच्या पिशवीची चेन लावत होता. ती आधीच लागलेली होती.

"अगं, तुला सांगणारच होतो. पण तू लगेच माझं-तुझं करत बसली असतीस," तो म्हणाला. "पोराचं आयुष्य मार्गी लागतंय. तुला कोण नोकरी देणार होतं या वयात?"

"मला कुणी विचारलं का?"

"नाव कोनंबी ऱ्हावो, घरनंच शे ना!" मंगलाबाई म्हणाल्या. कपाटावर पेढ्यांचा खोका होता. तो कालपासून तिथे होता, आणि उज्ज्वलाला वाटलं होतं की शेजारच्यांचा आहे.

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्याच हाताने वाढलेली ताटं पुढ्यात घेऊन, तिच्याकडून आणखी एक पोळी मागून घेत, सगळे जण गप्प बसले होते.

तिने दुपारी पोस्टाशेजारच्या दुकानात जाऊन स्वतःच्या नावाचं सिम घेतलं. त्यावर खातं उघडलं आणि शैलजाताईंना सगळं लिहून पाठवलं. त्यांनी फोन केला. बाई चांगल्या होत्या, म्हणून जास्त अवघड गेलं.

"उज्ज्वलाताई, माझा विश्वास बसतोय," त्या म्हणाल्या. "तुमचं बोलणं ऐकलं आणि ते नियम कुणाच्या भाषेत आहेत ते कळलं. पण माझ्या विश्वासावर हे ठरत नाही. तुम्हाला काम करताना पाहिलेली दोन माणसं सांगा. मी त्यांच्याशी बोलते."

"घरचीच आहेत."

"चालतील. आणि एक बोलू? रागावू नका. नियम तुम्हीही मोडलात. इतकी वर्षं."



तिने दोन नावं दिली, गजेंद्र आणि मयुरी. दोघांनाही तिने काही शिकवलं नाही, धमकावलं नाही. फक्त म्हणाली, "जे बघितलंत तेवढंच सांगा."

गजेंद्रने फोन तिच्या समोरच घेतला. "आमच्या घरात कसं आहे मॅडम, सगळं मिळूनच असतं. तुझं-माझं आम्ही करत नाही." मग ऐकून घेऊन म्हणाला, "हो, ती असायची ना बाजूला. चहापाणी, सगळं बघायची."

चहापाणी! उज्ज्वला ओट्याला टेकून उभी होती. हा माणूस मिलमधून आला की तिच्या मागे उभा राहून म्हणायचा, अजून चाललंय का तुझं, बंद कर आता. किती संध्याकाळी म्हणाला असेल.

मयुरीची आशा तिला जास्त होती. धागे कसे लावायचे हे तिने मयुरीला शिकवलं होतं, सासूच्या बोलण्यातून तिला वाचवलं होतं. मयुरी कपडे वाळत घालत होती, मान वर करीना.

"काय सांगितलंस?"

"ताई, मला कॉम्प्युटरमधलं काय कळतं?"

"तू दाराशी उभी राहून हसायचीस."

मयुरीने एक टॉवेल झटकून दोरीवर टाकला. "वेसूला फ्लॅट बघितलाय आम्ही," ती म्हणाली. "तुम्ही मोठ्या आहात ताई. तुम्हाला काय कमी आहे?"

निवड कायम राहिली. लखन आणि मयुरी सुरतेतच वेसूला राहायला गेले, जाताना दोघेही उज्ज्वलाच्या पाया पडले, आणि तिने सवयीने डोक्यावर हात ठेवला. नंतर तो हात तिने धुतला.

बरेच दिवस तिने 'सुईदोरा' उघडलं नाही. पण काम करणारीला कामाची खोड असते. नेटच्या कापडावर जरीचा धागा तुटायचा, त्यावर तिला एक युक्ती सुचली. ती लिहून तिने मशीनवर चालवून बघितली. धागा तुटेना, पण वेलीच्या वळणावर एक गाठ पडत होती. ती का पडते हे तिला उमगेना. चार डोकी बसली तर उमगेल, म्हणून तिने ते काम गाठीसकट, तसं स्पष्ट लिहून, पाठवलं. नवीन माणूस म्हणून. उज्ज्वला गजेंद्र पाटील.

आधी आपोआप येणारं उत्तर आलं. 'आपलं स्वागत. कृपया काम पाठवण्याचे नियम वाचावेत.' ती स्वतःचीच वाक्यं परक्यासारखी बघत राहिली. मग तिने चहा टाकला. तो उकळून कपात पडेपर्यंत मंजुरी आली. तपासणारा, लखन पाटील. शेरा, 'उत्तम काम.'

वेसूच्या फ्लॅटमध्ये मशीन नव्हतं. गाठीबद्दल त्याने एक शब्द लिहिला नव्हता, म्हणजे तिने काय लिहिलंय तेही वाचलं नव्हतं. कामावरचं नाव त्याने घेतलं तेव्हा तिला वाटलं होतं की यापुढे घेण्यासारखं काही उरलं नाही. पण त्याने निदान काम तरी वाचावं, एवढी अपेक्षा तिच्या मनात कुठेतरी शिल्लक होती. ती आता गेली.

गजेंद्र पेपर वाचत होता. "लखनचा मेसेज आलाय. म्हणतो, वहिनीचं पास केलं. बघ, ठेवतो की नाही आठवण तुझी?"

उज्ज्वलाने कप बाजूला ठेवला आणि मंजुरीखाली, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं. 'तपासणाऱ्याने हे काम कापडावर चालवलेलं नाही. त्यात दोष आहे, तो मी सांगितलेला आहे. नियमाप्रमाणे ही मंजुरी मागे घ्यावी. उज्ज्वला पाटील.'

गजेंद्रचा फोन लगेच वाजला. त्याने ऐकलं, आणि गोंधळून तिच्याकडे धरला. "लखन आहे. म्हणतो, हे काय लिहिलं वहिनीने? काढून टाक म्हणतो. अगं, पास झालेलं कुणी परत मागतं का?"

तिने फोन हातात घेतला नाही.

"त्याला म्हणावं, काय विचारायचं ते तिथे विचार," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."