राणीनंही आधी खाल्लं होतं

आमच्या वरच्या मजल्यावरची इस्त्रीवाली तशी कुणाच्या बापाला घाबरायची नाही. लाँड्रीच्या मालकाला तोंडावर सुनवायची. इस्त्री तापली की नाही ते ओल्या बोटानं बघायची आणि ‘चर्र’ झालं की हसायची. ती घाबरायची फक्त तिसरीतल्या एका मुलीला.

मुलगी नवऱ्याच्या पहिल्या बायकोची. बायको वारली, दोन वर्षांनी ही घरात आली. हिला ‘मावशी’ म्हणायचं ठरलं आणि मुलगी तेवढंच म्हणायची, पुढे काही नाही. नवरा ट्रकवर, महिन्यातला बराच काळ बाहेर. मुलीच्या युनिफॉर्मला सुरकुती म्हणून दिसायची नाही. पण केस विंचरताना जरा हिसका बसला, तरी इस्त्रीवाली कंगवा खाली ठेवायची. रागावली तर सावत्र, लाड केले तर देखावा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

मुलीची आजी, म्हणजे वारलेल्या बायकोची आई, अधूनमधून येऊन नातीला गोष्टी सांगायची. एकदा तिनं आरशाशी बोलणाऱ्या राणीची सांगितली. सावत्र आई, विषारी सफरचंद, सगळं रंगवून. इस्त्रीवाली आतल्या खोलीत चादरी घडी करत होती. तिचे हात थांबले. त्यानंतर मुलगी तिच्या हातचं फळ खाईना.

“अगं, एक फोड तरी!”

“पोट भरलंय, मावशी.”

मग मुलगी आजारी पडली. ताप, खोकला, छातीत घरघर. डॉक्टरांनी बाटली लिहून दिली. “याने झोप येईल, येऊ द्या. पण औषध पोटात गेलंच पाहिजे. संध्याकाळपर्यंत गेलं नाही, तर ॲडमिट करावं लागेल.” नवऱ्याचा फोन लागत नव्हता. आजी परगावी मुलाकडे गेली होती. ती फोनवर एवढंच म्हणाली, “नीट बघ हं तिच्याकडे. एक लेक गमावलीय मी.” त्या ‘हं’नंतर इस्त्रीवालीनं बाटलीवरचं लेबल पुन्हा वाचून काढलं.

कुणाला हाक मारावी, तर सांगायचं काय? मुलीला वाटतं मी विष घालते, असं? सगळी इमारत गोळा झाली असती.

मुलगी ओठ घट्ट मिटून भिंतीला टेकली होती.

“हे बघ, आधी मी घेते.” इस्त्रीवालीनं चमचाभर औषध प्यायलं.

“राणीनं पण आधी स्वतः खाल्लं होतं,” मुलगी म्हणाली. “तिच्या भागात विष नव्हतं. दुसऱ्या भागात होतं.”

इस्त्रीवालीनं बाटलीच तिच्या मांडीवर ठेवली. “मग तूच भर. माझा चमचा कुठला, तुझा कुठला, तूच ठरव.”

मुलीनं दोन चमचे भरले. बराच वेळ दोन्ही न्याहाळले. “हा तू.” इस्त्रीवाली प्यायली. “आता हा पण.” तोही प्यायली.

“आता तिथे बस. मी बघते.”

“काय बघतेस?”

“मरतेस का ते.”

ती स्टुलावर बसली. पोरीला ताप आल्यापासून तिची रात्रीची झोप झाली नव्हती, वर हे औषध. पापण्या जड व्हायला लागल्या. डोळे मिटले की संपलं! मग ही पोर जन्मात माझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही. आणि आज रात्री काही झालं तर... तिनं पाय थंड फरशीवर दाबले. मांडीला चिमटे काढले.

“पाढे म्हणू या का गं? सात चोक?”

“अठ्ठावीस. तुझे डोळे मिटतायत.”

“छे! सात पंचे...”

“मिटतायत, मावशी.”

पुढचं तिला आठवत नाही.

जाग आली ती पाठीत गुद्दे बसल्यामुळे. मुलगी तापलेल्या अंगानं, अनवाणी, तिच्या मागे उभी होती आणि दोन्ही मुठींनी बडवत होती. “थुंक! थुंक म्हणते ना!” रडून नाक वाहत होतं. गोष्टीत धक्का बसल्यावर घशातला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि राजकन्या वाचते; पोर राणीलाच वाचवायला निघाली होती.

“अगं, मेले नाही मी! झोप लागली. औषधानं येते, डॉक्टर म्हणाले होते ना?”

“मग सांगायचंस ना आधी!”

“भीतीनं सुचलंच नाही.”

“कुणाची भीती?”

“तुझी.”

“मी काय करणार तुला?” मग बाहीनं नाक पुसून मुलगी गादीवर चढली. स्वतःच चमचा भरला, प्यायली आणि भयंकर तोंड केलं. “शी! हे तू तीनदा प्यायलीस?”

थोड्याच वेळात तिचे डोळे मिटले. इस्त्रीवालीची झोप मात्र पार उडाली. आता बघायची पाळी तिची होती. ती वाकली आणि पोळल्याच्या डागांनी भरलेलं बोट मुलीच्या नाकाखाली धरून बसली. श्वास आला, गेला. पुन्हा आला. बोट मागे घ्यायचं तिला धाडस होईना.