बाईंना ‘सोडली’ असंच सांगायचं

बाईंना सगळे हजेरीबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. उभी हयात प्राथमिक शाळेत गेली. मग शाळा बंद पडली, मुलं इतर शाळांत पांगली आणि बाईंचा आवाज तेवढा शिल्लक राहिला. तो इस्पितळाच्या मूत्ररोग विभागाने उचलला.

मूत्राशयाच्या कॅन्सरला एक वाईट खोड आहे. गाठ दुर्बिणीने आतल्या आत खरवडून काढली, तरी पुष्कळांत ती परत उगवते. वरवर असेल तोवर ठीक, परत खरवडायची. पण एखादी स्नायूत मुळं रोवते, आणि मग अख्खं मूत्राशयच काढायची पाळी येते. कोणाची गाठ कोणत्या वाटेने जाईल हे आधी कळावं, म्हणून विभागातल्या डॉक्टरीणबाईंनी संशोधन मांडलं होतं. शेकडो रोगी आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा. डॉक्टरीणबाई तरुण आणि तल्लख होत्या, पण अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की त्या टाळाटाळ करायच्या. त्यामुळे पाठपुरावा बाईंच्या गळ्यात पडला, आणि बाईंनी तो हारासारखा मिरवला.

त्यांची खोली म्हणजे चादरी ठेवायची जुनी कोठी. एक टेबल, एक फोन आणि खिडकीबाहेर सायकलींची शेड. तिथून बाई वर्षातून दोनदा एकेकाला गाठत. लघवीतून रक्त जातं का? जळजळ होते का? मूत्राशयात कॅमेरा घालायची तपासणी चुकवली तर नाही ना? आणि सगळ्यांत शेवटी सिगारेट. धुरातलं विष रक्तातून गाळलं जाऊन मूत्राशयात मुक्काम ठोकतं, हे डॉक्टरीणबाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी समजावलं होतं.

छापील प्रश्न होता, ‘आपण धूम्रपान करता का?’ बाईंना तो मिळमिळीत वाटला. त्या विचारत, “सोडलीत ना सिगारेट?” हे विचारताना त्यांच्या आवाजात अशी काही जरब येई, की पलीकडचा साठीचा गृहस्थ घरच्या खुर्चीत ताठ बसे आणि म्हणे, “हो बाई.”

“शाब्बास!”

वर्षभरात बाईंच्या रोग्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी सिगारेट सोडली. न सोडणारे मोजकेच उरले. त्यांत एक म्हातारा खलाशी होता, जो समुद्रालाही घाबरला नव्हता. डॉक्टरीणबाई चकित झाल्या.

“बाकी इस्पितळांत डोकं आपटूनसुद्धा निम्मेही सोडत नाहीत. तुम्ही नेमकं करता काय?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “विचारते.”

या रोग्यांत त्यांचा सख्खा दीरही होता. गॅरेजात गाड्यांना रंग मारायचा, आणि घरात सगळ्यांत लाडका. त्यालाही फोन ऑफिसातूनच जाई.

“आपली तब्येत कशी आहे?”

“वहिनी, काल रात्री तुमच्याकडेच तर जेवलो.”

“हा ऑफिसचा फोन आहे, भाऊजी. लघवीत रक्त?”

“नाही.”

“सोडलीत ना सिगारेट?”

“कधीच!”

एवढं असूनही त्याची गाठ तीनदा परत आली. पुढच्या खेपेला खोलवर दिसली तर मूत्राशय काढावं लागेल, असं सर्जनने स्वच्छ सांगितलं होतं. बाई नवऱ्याजवळ हळहळल्या, “बिचाऱ्याने सगळं पथ्य पाळलं हो. नशीबच फुटकं, त्याला काय करणार!” नवऱ्याने वर्तमानपत्र थोडं आणखी वर धरलं. त्याचा अर्थ बाईंना तेव्हा लागला नाही.

अशात एका दुपारी डॉक्टरीणबाई संगणकावरचं एक चित्र घेऊन बसल्या होत्या. त्यात दोन रेषा होत्या. सिगारेट सोडलेल्यांपैकी किती जण गाठीशिवाय राहिले ही एक, न सोडलेल्यांची दुसरी. दोन्ही एकमेकींना चिकटून उतरत होत्या.

“म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे एकदा कॅन्सर झाला की सिगारेट सोडा नाहीतर ओढा, काही फरक पडत नाही. मला पटत नाही. पण आकडे माझ्या पटण्यावर चालत नाहीत. शुक्रवारी हा निबंध परिषदेला पाठवायचाय.”

बाईंच्या डोळ्यांपुढे सगळे रोगी आले. हे छापून आलं की उद्या प्रत्येक जण छाती फुगवून सिगारेट ओढणार, आणि वर म्हणणार की डॉक्टरांनीच लिहिलंय.

संध्याकाळी त्या दिराला तपासणीची तारीख कळवायला गॅरेजात गेल्या, कारण गडी फोन उचलत नव्हता. आत रंगाचा उग्र वास होता. अर्ध्या रंगलेल्या गाडीशेजारी दीर पाठमोरा उभा होता. चाहूल लागताच तो वळला आणि त्याचा हात चटकन डगल्याच्या खिशात गेला.

“वहिनी! आज इकडे कशा काय?”

“तारीख सांगायला आले. आणि भाऊजी, तुमचा खिसा पेटलाय.”

खिशातून धूर निघत होता. दिराने खिसा बडवून विझवला, बोट भाजून घेतलं आणि मग टायरवर बसकण मारली.

“कधीपासून चाललंय हे?”

“थांबलं होतंच कधी?”

“मग फोनवर ‘कधीच’ म्हणालात ते?”

“वहिनी, तुम्ही ज्या आवाजात विचारता ना, त्या आवाजात कोणी विचारलं तर मी श्वास घेणंही सोडलंय म्हणून सांगेन.”

बाईंना हसू आलं नाही. “माझ्याशी खोटं बोललात! घरच्या माणसाशी!”

“मी एकटा नाही हो. कॅमेऱ्याच्या खोलीबाहेर आम्ही सगळे रांगेने बसतो की नाही? नवा माणूस आला की आम्ही त्याला दोन गोष्टी सांगतो. एक, कॅमेरा वाटतो तितका दुखत नाही. आणि दुसरी, बाईंना ‘सोडली’ असंच सांगायचं. ‘नाही सोडली’ म्हणालात तर त्या फोन ठेवत नाहीत.”

“सगळे?”

“खलाशी सोडून. तो म्हातारा वेडाच आहे.”

बाई घरी चालत गेल्या. वाटेत त्यांनी दिरावर रागावून पाहिलं, जमलं. त्या खोटारड्यांच्या रांगेवर रागावून पाहिलं, तेही जमलं. पण त्या दोन रेषा काही डोक्यातून जाईनात. सोडलेल्यांच्या रेषेत ओढणारेच कोंबून भरले असतील, तर ती वेगळी पडणार कशी? आणि भरले कोणी? शाळेतही त्यांच्या वर्गात कधी कोणी गृहपाठ विसरत नसे. त्या गृहपाठाविषयी आज त्यांना पहिल्यांदाच शंका आली.

सकाळी कोट काढण्याआधीच त्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. “निबंध पाठवू नका. आकडे खोटे आहेत, आणि ते मी पिकवलेत.”

सगळं ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. “आकडे इतके गोजिरे आले तेव्हाच मला खटकायला हवं होतं. माझंच चुकलं, मी हुरळून गेले.” मग त्या एकदम उठल्या. “पण प्रत्येक तपासणीला घेतलेले लघवीचे नमुने तळघरात गोठवून ठेवलेत. निकोटिनचा माग त्यात राहतो.”

“आणि लघवी मला घाबरत नाही,” बाई म्हणाल्या.

परवानग्या आल्या, नमुने वितळले. निम्म्याहून जास्त ‘हो बाई’ पाण्यात गेले, म्हणजे लघवीतून खोटे निघाले. पण नमुना त्या आठवड्याचं सांगतो, मधल्या महिन्यांचं सांगत नाही. ते माणसालाच विचारावं लागणार होतं. डॉक्टरीणबाईंनी दबकत सुचवलं, की फोन दुसऱ्या कोणी केले तर?

“मीच करणार,” बाई म्हणाल्या. “ज्याने घाण केली त्यानेच फळा पुसायचा.”

फक्त पद्धत बदलायची होती. त्यांनी नवऱ्यावर सराव केला. कोणी काहीही कबूल करो, आपण नुसतं ‘बरं’ म्हणून गप्प बसायचं. नवरा म्हणाला, “संसारात एकदासुद्धा मला नुसतं ‘बरं’ मिळालं नाही. या लोकांनी काय पुण्य केलंय?”

“सोडली म्हणून सांगितलंत मला,” बाई फोनवर म्हणत. “परत कधी धरलीत?”

एक शिंपी म्हणाला, “मेव्हणीच्या लग्नात.” एक बसचालक म्हणाला, “तुमचा फोन ठेवला आणि लगेच.” बाई जीभ दातांखाली धरून म्हणत, “बरं.” त्या एका शब्दापायी त्यांचं दोन किलो वजन उतरलं, असं त्या सांगत. पण माणसं बोलू लागली. कोणी किती वेळा सोडली, कशाने परत धरली, कोण खरंच सुटलं. खऱ्या सुटलेल्यांना तर फार राग आला होता, कारण इतके दिवस त्यांचं कौतुक फुकट्यांच्या रांगेत वाटलं गेलं होतं.

दिराच्या तपासणीत गाठ परत निघाली. लहान होती, वरवरची. खरवडली. सर्जनने “या वेळी निभावलं” म्हटलं. त्या दुपारी दीर पहिल्यांदाच बाईंच्या कोठीत आला आणि दाराशी घुटमळला. टेबलावर नवं चित्र पडलं होतं. आता दोन रेषा सुरुवातीला जवळ होत्या आणि पुढे जाताना त्यांच्यात फट पडत गेली होती. फार मोठी नाही, पण डोळ्यांना दिसेल इतकी, आणि डॉक्टरीणबाईंनी ती उलटसुलट तपासून घेतली होती.

“ही वरची कोणाची?”

“खरंच सोडलेल्यांची.”

“मी खालच्या रेषेत?”

“हो.”

“उशीर झाला असेल ना आता? तीन-चारदा परत आली म्हटल्यावर?”

बाईंच्या तोंडापर्यंत निदान दहा वाक्यं आली. त्यांनी ती परत पाठवली आणि वरच्या रेषेवर पेन्सिल टेकवली. “यातल्या बऱ्याच जणांची दोनदा-तीनदा परत आली होती, आणि मग त्यांनी सोडली. तुमची अजून स्नायूत गेलेली नाही. जोवर गेली नाही, तोवर उशीर म्हणायचं कारण मला तरी या कागदावर दिसत नाही.”

दिराने खुर्ची ओढली. वरच्या रेषेवरून बोट फिरवलं. मग खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं, परत उचललं, परत ठेवलं.

“नुसत्या निश्चयाने मला जमणार नाही, वहिनी. सात वेळा ठरवून झालंय.”

“निश्चयावर भिस्त ठेवूच नका. वरच्या मजल्यावर सोडवणारे डॉक्टर बसतात. गोळ्या देतात, चिकटपट्ट्या देतात. खलाशीपण जातोय.”

“तो? कोणी पाठवला त्याला?”

“मी. त्याच्याशी काय, पहिल्यापासून खरंच बोलणं होतं.”

दीर उठला. दारातून वळून म्हणाला, “तुम्ही येताय का बरोबर?”

“चला,” म्हणत बाईंनी फोनचा रिसीव्हर बाजूला काढून ठेवला.