दाराआडचं ट्युनिंग

जुन्या मोटरसायकलींच्या कामात उस्तादाला सगळे मानायचे, पण उस्तादाचा मात्र कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दुकानाला कुलूप लावलं की ओढून बघायचा, मागच्या घराच्या दारापर्यंत गेला की परत येऊन ओढायचा, मग बायकोला म्हणायचा, "तू एकदा ओढून बघ." तिनं ओढलं की लगेच, "एवढ्या जोरानं कशाला? ढिलं करायचंय का ते?" आता अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे बघा!

हाताला मात्र गुण होता. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं नाक-तोंड. पेट्रोल किती आणि हवा किती, हे तिथं ठरतं. त्याच्या कुशीत एक इवलासा पितळी स्क्रू असतो. आत पिळला की हवा कमी, बाहेर सोडला की जास्त. उस्ताद गाडी चालू करून तिच्याशेजारी उकिडवा बसायचा, डोळे मिटायचा आणि स्क्रू केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे फिरवत राहायचा. इंजिन मांजरासारखं गुरगुरायला लागलं की हात थांबला. आजोबांच्या वयाच्या गाड्या त्याच्याकडून नातवांसारख्या पळत जायच्या.

हे सगळं तो अंगणात करायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. पण मेहुणा आला आणि सगळं फिरलं.

मेहुण्याची गिरणी बंद पडली होती. बायकोनं शब्द टाकला, म्हणून उस्तादानं त्याला दुकानात घेतलं आणि दुकानावरच्या माळ्यावर राहायला जागा दिली. मेहुणा गरीब गाय. पडेल ते काम करायचा, वर बोलायचा नाही. उस्तादाच्या मनात पाल चुकचुकली ती इथंच. "इतका गप्प माणूस," तो बायकोला म्हणाला, "बोलत नाही म्हणजे बघतोय. बघतोय म्हणजे शिकतोय. उद्या समोरच दुकान थाटेल."

"तुमचं आपलं काहीतरीच," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ट्युनिंग आतल्या खोलीत सुरू झालं. लोखंडी दार बंद, कडी आतून, खिडकीवर गोणपाट. मेहुणा बाहेर पंक्चर काढत बसायचा.

आणि तेव्हापासूनच गाड्या परत यायला लागल्या. आत मांजर गुरगुरायचं, रस्त्यावर गेलं की खोकायचं.

सगळ्यात जास्त वेळा आली बाईंची गाडी. बाई म्हणजे उस्तादाच्या शाळेतल्या मास्तरीण. निवृत्त झाल्या, पण नवऱ्याच्या मागं त्याची मोटरसायकल स्वतः चालवायच्या. त्या दिवशी चढावर गाडी बंद पडली, तशी ढकलत दारात आणली आणि घाम पुसत म्हणाल्या, "अरे, तुला पाढे येत नव्हते, ते मी पोटात घातलं. पण हे तरी येतं ना तुला? आता शेवटचं सांगते. पुन्हा फटफट केली, तर दुसरा मिस्त्री बघते, आणि का बघितला ते चारचौघांना सांगते."

उस्तादाचं तोंड कडू झालं. हात तोच, कान तोच, मग बिघडतं कसं? कुणीतरी मागून स्क्रू फिरवतंय! आणि कुणीतरी म्हणजे कोण, ते काय सांगायला हवं? शिवाय मेहुणा आल्यापासून त्याचं डोकंही ठणकायचं. चहात काही घालतो की काय, म्हणून तो हळूच कप बदलायचा. मेहुणा भाबडेपणानं बदललेला चहा पिऊन, "वा, भावोजी, आज साखर बरोबर आहे," म्हणायचा. ठणका काही जात नव्हता.

मग त्यानं सापळा लावला. गाडी ट्यून केली, स्क्रूचं डोकं आणि कडेचा धातू जोडणारा बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि गाडी बाईंच्या हवाली केली. स्क्रू फिरला तर ठिपका तडकणार. गाडी खोकत परत आली. "दुसऱ्या मिस्त्रीकडे जायच्या आधी ही शेवटची खेप," म्हणत बाई अंगणातच ठाण मांडून बसल्या. ठिपका मात्र जसाच्या तसा.

दुसऱ्या कुणालाही वाटलं असतं, चला, बिचारा सुटला. उस्तादाला काय वाटलं? की मेहुण्यानं स्क्रू फिरवून वरून नवा ठिपका दिला. आणि त्याच रंगाची बाटली त्याला मिळाली कुठून? बहिणीकडून!

तो तरातरा घरात गेला. "बाटली कुठाय तुझी? तूही सामील आहेस तर! सांग तुझ्या भावाला. आज मी गाडी शेवटची लावतोय. परत आली, की तो दुकानातूनही गेला आणि माळ्यावरूनही."

मेहुण्यानं हे ऐकलं. वर गेला आणि ट्रंक भरायला लागला.

उस्तादानं गाडी आत घेतली, कडी घातली आणि कानात जीव आणून बसला. धुराचा वास दाटला, डोकं ठणकू लागलं, पण इंजिन हळूहळू वळणावर आलं. गुरगुर, गुरगुर. असं ट्युनिंग उभ्या जन्मात झालं नव्हतं.

इतक्यात दारावर धाडधाड थापा. कडी जुनीच होती, ती निखळली आणि दार सताड उघडलं. दारात बायको, पदर खोचलेला. तिच्यामागं अंगणापलीकडे मेहुणा, डोक्यावर ट्रंक.

"अहो, जातोय तो! झालं समाधान? आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि तुम्ही..."

वाऱ्याचा झोत आत आला. इंजिन अडखळलं. फट, फट, फटाक्! आणि बंद.

"काय केलंस?" उस्ताद ओरडला.

"मी काय केलं? दार उघडलं!"

"हात कशाला लावलास?"

"कशाला लावू? इथं उभी आहे मी!"

उस्तादानं तिच्याकडे बघितलं, मेहुण्याकडे बघितलं. त्याचे दोन्ही हात ट्रंकेला. स्क्रूकडे बघितलं. कुणी शिवलं नव्हतं.

त्यानं दार लोटून पुन्हा गाडी लावली. थोड्या वेळानं धूर दाटला, गुरगुर सुरू. दार उघडलं, फटफट. पुन्हा लोटलं. पुन्हा उघडलं. बायकोला वाटलं, याचं आता पुरतंच फिरलं.

पण उस्तादाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. बंद खोलीत गाडी आपलाच धूर परत ओढत होती. चांगल्या हवेला आसुसलेली, म्हणून तो स्क्रू सोडून सोडून हवा वाढवत होता. बाहेर मोकळ्या हवेत तीच वाढवलेली हवा तिला डोईजड होत होती. आणि डोकं ठणकत होतं, ते चहानं नाही, त्याच धुरानं. साप साप म्हणून भुई धोपटत होता बिचारा, आणि भुई होती मेहुणा.

त्यानं गाडी अंगणात आणली, सगळ्यांच्या देखत. स्क्रू थोडा आत घेतला. गाडी गुरगुरली, आणि बाईंनी चढाची फेरी मारून आणली तरी गुरगुरतच राहिली. "आता पाढे म्हणून दाखव," म्हणत बाई हसत निघून गेल्या.

मेहुणा अजून फाटकाशी उभा होता. आत यावं की जावं, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

माफी मागणं उस्तादाच्या रक्तात नव्हतं. तो तरातरा त्याच्याकडे गेला. "उतरव ती ट्रंक. उघड. माझी हत्यारं बघायची आहेत त्यात."

"अहो!" बायको ओरडली.

मेहुण्यानं मुकाट्यानं ट्रंक उघडली. उस्तादानं एकेक सदरा बाहेर काढला, झटकला आणि तिथंच दोरीवर वाळत घातला. कोरडे कपडे! लेंगे घातले, टॉवेल घातला. ट्रंक रिकामी झाली, तशी ती स्वतः उचलून माळ्याची शिडी चढायला लागला.

"भावोजी, माझे कपडे..." मेहुणा म्हणाला.

"राहू देत. इतक्यात वाळत नाहीत ते," वरून आवाज आला.